सासूबाईंच्या नावाचा पत्ता

सासूबाईंच्या नावावर कुणीतरी जुगार चालवतंय, हे आम्हाला तलासरीकडच्या एका शेतकऱ्यानं कुणाकडून तरी आमचा घरचा नंबर मिळवून फोनवर कळवलं. सासूबाईंना जाऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. माणूस चांगलाच तापलेला होता. "झाडाच्या पट्टीवर तुमचा पत्ता छापलाय तो मोबाईलमध्ये टाकला, तर रमी खेळायला बोलावतात. नर्सरी बंद केली, का पयल्यापासून हाच धंदा होता?" मी म्हटलं, दादा, तुम्ही भलतंच काहीतरी दाबलं असेल. फोन ठेवून मी स्वतः तो पत्ता टाकला. सासूबाईंचं नाव, त्याला चिकटून नर्सरी, मग टिंब आणि इन. पडद्यावर लाल-सोनेरी दिवे लुकलुकले, नोटा उधळणारा एक माणूस हसला आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, हे नाव विकणे आहे.

आमची नर्सरी डहाणूहून गंजाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. चिकूची कलमं, थोडा आंबा, थोडं जांभूळ, पण नाव झालं ते चिकूनंच. चिकूचं कलम रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या रोपावर बांधतात. खाली रायण, वर आमच्या जुन्या झाडांची कालीपत्ती जातीची फांदी, दोघांचा जोड बसला की कलम तयार. असं कलम तीन-चार वर्षांत फळाला लागतं. नुसतं बी रुजवून केलेलं रोपही दिसायला अगदी तसंच हिरवंगार दिसतं, पण त्याला फळ कधी येईल आणि कसलं येईल ते कुणी सांगू शकत नाही. म्हणजे गिऱ्हाईक आज रोप घेऊन जातं आणि आपण फसलो की नाही हे त्याला चार वर्षांनी कळतं. या धंद्यात लबाडी करणं फार सोपं आहे. म्हणून बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पट्टीची रीत काढली होती. प्रत्येक कलमाला प्लास्टिकची पट्टी बांधायची. पट्टीवर सासूबाईंचं नाव, फोन नंबर आणि वेबसाईटचा पत्ता. दर वर्षी पट्टीचा रंग वेगळा, म्हणजे लांबूनही कळावं की हे झाड कुठल्या सालचं. गिऱ्हाइकाला सांगायचं, पट्टी काढू नका, काही झालं तर त्यावरून आम्हाला शोधा.

तर अशा पट्ट्या या तालुक्यापासून त्या तालुक्यापर्यंत आणि पार गुजरातेत वलसाड-नवसारीपर्यंत हजारो झाडांवर लटकत होत्या आणि त्या सगळ्या आता लोकांना जुगाराच्या दारात नेऊन सोडत होत्या. कागदावरचा पत्ता असता तर बदलून छापला असता. झाडांवरचा कसा बदलणार?

माझा स्वभाव संशयी आहे. नवरा म्हणतो, तू दुधाच्या पिशवीकडेही पोलिसासारखी बघतेस. असेल. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपला स्वभाव कधी नव्हे तो कामाला येणार. मी मनातल्या मनात एकेकाला उभं करायला सुरुवात केली.

बाबांना सांगायचं की नाही यावर आमचं अर्धा तास वाजलं. शेवटी मीच सांगितलं. ते नर्सरीच्या मांडवात बसून कलमं बांधत होते. वय झालं तरी हात सुटलेला नाही. मोबाईल त्यांच्यासमोर धरला. ते बघत राहिले. मला वाटलं, चिडतील, शिव्या घालतील. पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो भलताच. "फोन करणारा कुठल्या गावचा होता?"

मी म्हटलं, तलासरीच्या पूर्वेकडचा, डोंगरातला. 

"पट्टी कुठल्या रंगाची म्हणाला?"

ते मी विचारलं नव्हतं. रंगाशी काय करायचं होतं आम्हाला? पण त्यांचा हात थांबलेला मी पाहिला आणि ते कुठंतरी मनाशी नोंदून ठेवलं. मग ते म्हणाले, "काय वाटेल ते करा, पण तिचं नाव त्यांच्या तावडीतून सोडवा." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं.

माझा पहिला संशयित डहाणू रोड स्टेशनजवळचा कॉम्प्युटरवाला. आठ-दहा वर्षांपूर्वी वेबसाईट त्यानंच करून दिली होती. त्याच्या दुकानात गेले तेव्हा तो कुणाच्या तरी आधारकार्डाची झेरॉक्स काढत होता. मला बघून तो हसला, ते मला आवडलं नाही. मी सरळच विचारलं, "नाव कुणाला विकलंस?" बिचाऱ्याची झेरॉक्स तिरपी निघाली. त्यानं मला बसवून समजावलं की असं नाव विकत मिळत नाही, भाड्यानं मिळतं. दर वर्षी भाडं भरायचं. भरलं नाही तर आधी नोटीस येते, मग मुदत संपते आणि मुदत संपलेली नावं उचलून घेण्यासाठी जगभर माणसं टपून बसलेली असतात. एकदा त्यांच्या हाती गेलं की जुन्या मालकाला चढ्या भावानं परत विकतात. 

"नोटीस मग आम्हाला का आली नाही?"

"आली असणार, काकी. तुम्ही दिलेल्या ईमेलवर आणि तुम्ही दिलेल्या नंबरवर."

त्यानं जुना नंबर वाचून दाखवला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. तो आमचा गुजरातचा नंबर होता. आमच्याकडे हे इतकं सवयीचं होतं की बाहेरच्याला सांगूनही खरं वाटणार नाही. प्रत्येकाच्या खिशात दोन सिम. एक इकडचं, एक गुजरातचं. तलासरी ओलांडली की इकडचं सिम परदेशी असल्यासारखं वागायचं, फोन आला तरी पैसे कापायचं. गुजरातच्या गिऱ्हाइकांना त्यांच्या राज्यातला नंबर दिला की तेही बिनधास्त फोन करायचे. पट्टीवर तोच नंबर छापला होता, वेबसाईटला तोच दिला होता, ईमेललाही तोच. पुढे ती कटकट संपली, सगळीकडे एकच भाव झाला आणि ज्यानं-त्यानं दुसरं सिम टाकून दिलं. नवऱ्यानंही टाकलं. तो नंबर कुठं-कुठं देऊन ठेवलाय याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नाही, मीसुद्धा नाही. 

कॉम्प्युटरवाल्यावरचा संशय मी तात्पुरता स्थगित केला. त्याला तसं सांगितलंही. 

त्या विक्रीच्या पानावर दिलेल्या ठिकाणी आम्ही मेल टाकला. उत्तर आलं ते इतक्या गोड इंग्रजीत की मला मळमळलं. आपण या नावात रस दाखवलात याबद्दल आभार, हे नाव अत्यंत मौल्यवान आहे वगैरे. आमच्याच घरातल्या बाईचं नाव किती मौल्यवान आहे ते हा आम्हाला सांगणार. खाली आकडा होता. तो वाचून नवऱ्यानं अंगणातल्या टेम्पोकडे एकदा पाहिलं आणि चहा प्यायला निघून गेला. पाठवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, देश नाही. भांडायचं असेल तर समोर माणूस लागतो. इथं माणूसच नव्हता आणि मला कुणाशी तरी भांडायचं होतं.

वापीला एक वकीलबाई आहेत, कंपन्यांच्या नावांचे तंटे चालवतात. त्या म्हणाल्या, पैसे अजिबात देऊ नका, लवादाकडे जाऊ. दुसऱ्याचं नाव अडवून त्यालाच विकायला काढणं हे त्यांच्या विरोधात जातं. पण एक दाखवावं लागेल, की हा पत्ता पहिल्या दिवसापासून तुमचाच होता. त्याच्या पावत्या, जुने मेल, काहीतरी. 

ते सगळं त्या जुन्या ईमेलमध्ये होतं. ईमेलचा पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता. पासवर्ड विसरलात का, असं विचारणारं बटण दाबलं की उत्तर यायचं, तुमच्या नंबरवर ओटीपी पाठवतो. तुमच्या म्हणजे त्या टाकून दिलेल्या नंबरवर. 

मी तो नंबर फिरवला. वाटलं होतं, बंद असेल. रिंग गेली. याचा अर्थ माझ्या दृष्टीनं एकच होता. ज्यानं नंबर घेतला त्यानंच नाव घेतलं. 

"कोण बोले छे?" बाईचा आवाज. मागे ट्रकचा हॉर्न, भांड्यांचा खणखणाट. 

मी शक्य तेवढं गोड बोलले. म्हटलं, ताई, हा नंबर आधी आमचा होता. आता तुमच्या मोबाईलवर एक ओटीपी येईल, तेवढा मला सांगाल का?

बोलता बोलताच माझं मला कळलं की आपण काय बोलतोय. रोज सकाळी फोन लावला की रेकॉर्डवरची सरकारी ताई कळवळून हेच करू नका म्हणून सांगत असते. पलीकडून त्या बाईनं मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत माझा उद्धार केला. शेवटी म्हणाली, "कलमवाले ना तुम्ही? मना ठाऊक हाय तुमची जात. चोर साले. हिंमत असंल तर अच्छाडला ये. चेकपोस्टच्या अलीकडं माझं हॉटेल हाय. समोर ये, मग देते तुला ओटीपी." फोन कट. पुन्हा लावला तर लागेचना, ब्लॉक केलं होतं. 

आम्ही कलमवाले हे हिला कसं ठाऊक? मी तर नर्सरीचा शब्दही काढला नव्हता. माझा संशय आता संशय राहिलाच नव्हता, माझ्या मते खटला संपलेला होता. नवरा म्हणाला, मी येतो बरोबर. मी म्हटलं, याच, आणि टेम्पो काढा, जीप नको. टेम्पोवर नर्सरीचं नाव रंगवलेलं होतं. बघू दे तिला.

चारोटीवरून हायवेला लागलो. तलासरी मागे टाकली तसे दोन्ही बाजूंना थांबलेले ट्रक वाढत गेले. गुजरातच्या हद्दीवर, अच्छाडला टायरवाले, चहावाले, पानाच्या टपऱ्या, खाटा टाकलेले धाबे. तिचं हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, दोन बाकं आणि एक मोठी शेगडी. चाळिशीची, काटक, पदर खोचलेली बाई भजी तळत होती. टेम्पोवरचं नाव तिनं वाचलं आणि झाऱ्या हातात तसाच धरून बाहेर आली. 

"आली का? बरं झालं. आता बोल."

मी म्हटलं, आधी तू बोल. आमचा नंबर तुझ्याकडं कसा, आमचं नाव कुणाला विकलंस?

"तुमचं नाव मी कशाला विकू? मीच वैतागलेय तुमच्या नावाला!" मग तिनं जे सांगितलं ते ऐकून नवरा बाकावर बसलाच. दोनेक वर्षांपूर्वी हद्दीपलीकडे भिलाडला सिम घ्यायला गेली तेव्हा दुकानदारानं चार नंबर दाखवले, यातला कुठला पाहिजे म्हणाला. एक नंबर तिला ओळखीचा वाटला. ओळखीचा म्हणजे लाभाचा, म्हणून तिनं तोच उचलला. घरी आल्यावर मागच्या बाजूला भांडी घासायला बसली आणि समोर बघते तर झाडाच्या पट्टीवर तोच नंबर. रोज भांडी घासताना डोळ्यांपुढे असायचा, म्हणून ओळखीचा. "मना वाटलं कोणी करणी केली, बाय. माझ्या झाडावर माझाच नंबर! चार दिवस मी त्या बाजूला गेली नाय." 

त्यानंतर फोन यायला लागले. कलम आहे का, पानं पिवळी पडलीत काय करू, मोहर गळतोय काय फवारू. गुजरातेतून, कुठून कुठून. आधी ती राँग नंबर म्हणायची. मग कंटाळली आणि खरं ते सांगायला लागली. 

"खरं म्हणजे काय?" मी विचारलं.

"सांगते, यांची कलमं घेऊ नका. माझ्या झाडाला इतकी वर्षं झाली, एक चिकू नाय."

दोन वर्षांपासून गुजरातची मागणी का आटली याचं उत्तर मला तिथं भज्यांच्या धुरात मिळालं. मला असा राग आला की कानशिलं तापली. म्हटलं, "आमच्या कलमाला फळ नाही असं होऊच शकत नाही. दाखव झाड."

शेडच्या मागे, भांडी घासायच्या दगडापलीकडे ते उभं होतं. डोक्याच्या वर गेलेलं, हिरवंगार, ऐटबाज. मी खाली बसले, बुडाजवळची माती हातानं सारली आणि खोडावरून बोट फिरवलं. रायणीवर चढवलेल्या चिकूला जोडाच्या जागी फुगवटा येतो, खालची साल वेगळी, वरची वेगळी. आंधळ्यालाही हाताला लागेल. इथं खोड खालपासून वरपर्यंत एकसारखं होतं. 

"हे कलम नाहीच!" मी ओरडले. मला विजय झाल्यासारखंच वाटलं. "बी आहे हे. साधं बियाचं रोप. फसवलंय तुला. कुणी विकलं हे? कुठल्या चोरानं विकलं? नाव सांग, मी त्याला सोडत नाही."

 तिनं हात वर करून एक फांदी खाली ओढली आणि तारेनं बांधलेली पट्टी माझ्या नाकासमोर धरली. निळी पट्टी. उन्हानं फिकी झालेली, पण अक्षरं वाचता येत होती. सासूबाईंचं नाव. 

मी उठून उभी राहिले. माझा पहिला विचार अर्थातच संशयाचा होता. कुणीतरी आमची पट्टी दुसऱ्या झाडाची काढून याला बांधली असेल. तिला विचारलं, कुठून आणलंस. ती म्हणाली, गावात वाटली होती. सरकारी योजनेच्या ठेकेदाराची गाडी आली होती, डोंगरातल्या आमच्या गावात घराघराला रोपं दिली. तिच्या भावानं तिथं लावली, तिनं एक इथं आणलं. "भावाचीपण तशीच हायेत. काहीला फळ लागलं, काहीला नाय. सगळ्यांना निळी पट्टी." 

फोन करणारा कुठल्या गावचा होता? पट्टी कुठल्या रंगाची म्हणाला? बाबांचे ते दोन प्रश्न मला आठवले आणि मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यालाही आठवले होते. त्याचा चेहरा उतरला होता. 

ओटीपी मागायला तोंड उरलं नव्हतं. तीच म्हणाली, "नंबर देते. तू बियाचं हाय म्हणालीस, म्हणून देते. पण मना कलम पायजे. खरं." मी मान हलवली. नवऱ्यानं मोबाईलवर बटण दाबलं. तिचा फोन वाजला. तो तिनं छातीशी धरला, आमच्याकडे पाठ केली आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचला. मोबाईल हातात द्यायला ती काही केल्या तयार नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही दिला नसता. ईमेल उघडला. त्यात सगळं होतं, पावत्या, मुदत संपल्याच्या नोटिसा, एकाखाली एक, न वाचलेल्या. 

परतीच्या वाटेत मला आनंद व्हायला हवा होता, पण मला नुसती लाज वाटत होती. ती कुणाबद्दल ते मी स्वतःलाही सांगत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मांडवात होते. मी निळी पट्टी त्यांच्यासमोर ठेवली. त्या बाईकडून मागून आणली होती. म्हटलं, "बाबा, हे झाड बियाचं निघालं."

त्यांनी हातातला चाकू पुसून मिटला. नाकारतील असं मला वाटत होतं आणि खरं सांगते, नाकारावं असंच मला वाटत होतं. ते म्हणाले, "त्या साली पावसाच्या तोंडावर वादळ झालं. आठवतं? बांधलेली निम्मी कलमं आडवी झाली. ठेकेदाराची गाडी दारात उभी. मागच्या वाफ्यात बियाची रोपं होती. मी त्यांना पट्ट्या बांधल्या."

"किती?"

"मोजली नाहीत. मोजायचं धाडस झालं नाही."

मग चाकू बाजूला ठेवून म्हणाले, "पट्ट्या दर वर्षी ती बांधायची. त्या दिवशी तिला म्हटलं, बांध. ती उठून घरात गेली. त्यानंतर पट्टीला तिनं कधी हात लावला नाही."

मला ती दुपार आठवत होती. सासूबाई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, डोकं दुखतंय. मी जाऊन त्यांना बाम लावून दिला. मी, जी दुधाच्या पिशवीवर संशय घेते, तिला त्या दिवशी काही म्हणता काही शंका आली नाही. घरातल्या माणसांवर घ्यायची सवयच नव्हती.

मी बाबांवर ओरडले नाही. वाईट मात्र खूप वाटलं. त्यांनी पट्टी उचलली, बोटानं पुसली आणि विचारलं, "नाव मिळेल का परत?"

नाव मिळालं. वेळ लागला, वापीच्या खेपा झाल्या, पण पलीकडच्यानं लवादासमोर तोंडही दाखवलं नाही. एका सकाळी कॉम्प्युटरवाल्याचा फोन आला, काकी, आता पत्ता टाकून बघा. टाकला. पांढरंफटक पान उघडलं. दिवे गेले, नोटावाला गेला. सासूबाईंचं नाव आणि खाली काहीच नाही. तो म्हणाला, काय टाकू, जुने फोटो टाकू का?

नवरा म्हणाला, टाका. वकीलबाईही म्हणाल्या होत्या, आता धडाक्यात जाहिरात करा. बाबा म्हणाले, "नाही. आधी मी सांगतो ते लिहा." ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. निळ्या पट्टीची काही झाडं कलमं नाहीत. ती मी, नर्सरीच्या मालकानं, जाणूनबुजून दिली. ज्यांच्याकडे असं झाड असेल त्यांनी कळवावं, खरं कलम घरपोच देऊ. नवऱ्यानं डोकं धरलं. "अहो, एवढी मारामारी करून नाव सोडवलं आणि त्यावर पहिली गोष्ट ही लिहायची? राहिलेली गिऱ्हाइकंपण जातील." 

बाबा म्हणाले, "तिच्या नावाखाली पहिलं खोटं त्या जुगारवाल्यानं नाही लिहिलं."  मी कॉम्प्युटरवाल्याला म्हटलं, टाक.

त्याचा परिणाम काय झाला? कुणाचा विश्वासच बसेना. फोन आले ते असे, फुकट कलम का देताय, यात काय गोम आहे, लिंक दाबली तर बँकेतले पैसे जातात का? एकानं तर मला दमच दिला की पोलिसात जाईन. मी प्रत्येकाला उत्तर द्यायची आणि मला माझाच आवाज ऐकू यायचा, त्या पहिल्या फोनवरचा, एक ओटीपी येईल तेवढा सांगाल का म्हणणारा. हळूहळू डोंगरातल्या गावांतून दोन-चार माणसं पुढे आली. ती झाडं बघायला नवरा जातो.

अच्छाडला मात्र बाबा स्वतः आले. मी निवडलेलं कलम त्यांनी बाजूला ठेवलं आणि स्वतः दुसरं निवडलं, चांगल्या जोडाचं. रस्ताभर मांडीवर धरून बसले होते. ती बाई शेडमधून बाहेर आली. बाबांनी सांगितलं, मीच तो. ती म्हणाली, "म्हातारा झालास की रे बाबा." एवढंच. मग कलम हातात घेऊन तिनं पिशवी खाली सरकवली, जोडावर अंगठा दाबला, नखानं साल जराशी खरवडली, वरची आणि खालची ताडून पाहिली. मी शिकवलं नव्हतं तिला. त्या दिवशी मला बघताना तिनं बघून ठेवलं असणार. मला एरवी असा अविश्वास कुणी दाखवला असता तर मी फणकारले असते. त्या दिवशी मी निमूट उभी राहिले. 

जुन्या झाडापासून थोडं बाजूला खड्डा खणला होता. कलम लावून झालं, पाणी घातलं. बाबांनी सदऱ्याच्या खिशातून यंदाची पट्टी काढली, तांबड्या रंगाची, आणि बांधायला वाकले. तिनं त्यांचा हात धरला.

"राहू दे, बाबा. फळ आलं की बांध."

बाबा वाकलेलेच राहिले. मग सरळ झाले आणि म्हणाले, "बरोबर आहे." त्यांचे डोळे भरले होते, माझेही. तिनं आम्हाला चहा दिला आणि भजी दिली. पैसे घेतले.

ती तांबडी पट्टी बाबांच्या खिशात आहे. कपडे धुवायला टाकताना मी ती काढून ठेवते आणि सदरा वाळला की परत खिशात घालते.